कारवीची तीन फुलं

डोंगराच्या अगदी वरच्या टप्प्यावर, जिथे ढग दमून घटकाभर टेकतात, तिथे सात-आठ घरांची एक इवलीशी वाडी होती. वाडीच्या टोकाला होतं सगळ्यांत चिमुकलं घर. त्या घरात नऊ वर्षांची सोनकी राहायची, सहा वर्षांची तिची धाकटी बहीण बकुळा राहायची, आणि त्यांची आई. बकुळाला सगळे बकूच म्हणायचे. बाबा नव्हते. तीन पावसाळ्यांपूर्वी ते तापात गेले.

आई बांबूच्या टोपल्या विणायची आणि डोक्यावर टोपल्यांची उंच चळत घेऊन गावोगाव विकायला जायची. कधी सगळ्या टोपल्या खपायच्या, कधी एकही नाही. एकही खपली नाही की चुलीवर नुसती पेज शिजायची, आणि दोघींच्या वाट्या भरून आई म्हणायची, "मला भूकच नाही गं आज."

बकूला जन्मापासून दिसत नव्हतं. सोनकी तिला पाठुंगळी घेऊन डोंगर उतरायची, ओढा ओलांडायची आणि शाळेत आपल्या शेजारी बसवायची. पण बकू वाढू लागली, जड होऊ लागली. एकदा ओढ्यातल्या दगडावरून सोनकीचा पाय सटकला आणि दोघी पाण्यात पडल्या. बकू दोन दिवस थरथरत होती. त्या दिवसापासून सोनकीची शाळा सुटली. बकूला घरी एकटं कसं ठेवणार?

रोज सकाळी वाडीतली मुलं दप्तरं उडवत शाळेला निघायची. सोनकी दारात उभी राहून त्यांना हात हलवायची. मुलं वळणाआड गेली की डोळे पुसायची, आत यायची आणि हसऱ्या आवाजात म्हणायची, "चल बकू, तुझे केस विंचरू."

एके दिवशी शहरातून तुळसाआत्या आली. ती बाबांची थोरली बहीण. आत्याने बकूला जवळ घेतलं, तिच्या केसांवरून हात फिरवला आणि सुस्कारा टाकला.

"वहिनी, घरात बसून हे लेकरू काय शिकणार गं? शहरात न दिसणाऱ्या मुलांची शाळा आहे. तिथेच राहायचं, तिथेच शिकायचं. दसऱ्याला येते मी हिला न्यायला."

"इतक्या लांब, वन्सं? मला वर्षातून एकदा तरी जमेल का तिला भेटायला?"

"मग इथे तिचं काय होणार, ते तू सांग."

आत्या वाईट नव्हती, तिला खरंच बकूची काळजी होती. पण बकू त्या रात्री जेवली नाही. ती सोनकीचा परकर मुठीत घट्ट धरून झोपली आणि झोपेतही तिने तो सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी सोनकी सरपण गोळा करायला रानात गेली, आणि बघतच राहिली! सात वर्षांनी कारवी फुलली होती. सगळा डोंगर निळा-जांभळा झाला होता. उतारावर फुलंच फुलं, फुलांवर दवाचे मोती आणि मोत्यांत इवलीइवली इंद्रधनुष्यं. हजारो मधमाश्या गुणगुणत होत्या. पण सोनकीच्या डोळ्यांत पाणी होतं, त्यामुळे तिला सगळं रान धूसर दिसत होतं.

तेवढ्यात कुणीतरी अगदी बारीक आवाजात कण्हलं. सोनकी वाकली. एका मोडलेल्या काटकीखाली एक फुलपाखरू अडकलं होतं. तिने श्वास रोखून, दोन बोटांनी, हळूहळू काटकी उचलली. पंखाला जरासुद्धा इजा होऊ नये म्हणून तिने आधी खाली हाताचा तळवा धरला.

तळव्यावर येऊन बसलं ते फुलपाखरू नव्हतंच. ती होती एक चिमुकली परी! करंगळीएवढी, जांभळ्या झग्याची, झिरझिरीत चंदेरी पंखांची. तिच्या केसांत परागाचे सोनेरी कण चमचमत होते.

"घाबरू नकोस, सोनकी," परी म्हणाली. "मी निळाई. कारवी फुलते तेव्हाच मी येते, आणि फुलं गळली की जाते. आज तू नसतीस तर माझे पंख मोडले असते."

सोनकीने कमरेची पुरचुंडी सोडली आणि आपल्या नाचणीच्या भाकरीचा चिमूटभर तुकडा परीपुढे धरला. "भूक लागली असेल ना तुला?"

निळाई खुदकन हसली. तिने तो तुकडा चवीने खाल्ला. मग पंख फडफडवून तीन फुलं तोडली आणि सोनकीच्या ओंजळीत ठेवली. "ही तीन फुलं म्हणजे तीन इच्छा. फूल ओंजळीत धर आणि बोल."

"माझ्या बकूला दिसू दे!" सोनकीने क्षणाचाही विलंब लावला नाही.

निळाईचा चेहरा मऊ झाला. "ऐकून घे, सोने. माझ्या फुलांना नियम आहेत. कुणाचं शरीर मला बदलता येत नाही आणि कुणाचं मनही वळवता येत नाही. रानातलं शेवटचं फूल गळायच्या आत मागायचं. आणि सगळ्यांत मोठा नियम म्हणजे, जे घरात आधीच आहे, ते मागायचं नाही. मागितलंस तर फूल वाया जाईल."

सोनकी विचारात पडली. बकूला घरातच शिकवता आलं तर? तर आत्या तिला कशाला नेईल? शाळेत कुंदाबाईंकडे रंगीत मण्यांच्या माळा होत्या. त्यांवर मुलं मोजायला शिकायची. तिने पहिलं फूल ओंजळीत धरलं. "मला मोजायला मणी हवेत. बकूला बोटांनी मोजता येतील असे."

फूल थरथरलं, तपकिरी झालं आणि गळून पडलं.

"अगं, ते तर तुझ्या घरात आहे," निळाई हळहळून म्हणाली.

"आमच्या घरात? आमच्या घरात तर काहीच नाही!"

"नीट बघ," एवढंच म्हणून निळाई फुलांत दिसेनाशी झाली.

सोनकी रडवेली होऊन घरी आली. मण्यांची माळ कुठून असणार घरात? तिने फडताळ पाहिलं, माळा पाहिला, मडकी हलवून पाहिली. कोपऱ्यातलं एक मडकं खुळखुळलं. त्यात चिंचोके होते! गुळगुळीत, चकचकीत, गार चिंचोके.

"बकू, हात पुढे कर."

बकूने चिंचोके चाचपले आणि कितीतरी दिवसांनी हसली. "ताई, हे तर घोरपडीच्या अंड्यांसारखे!"

"तू कधी पाहिलीस घोरपडीची अंडी?"

"नाही. पण अशीच असणार."

दोघी खेळायला बसल्या. मूठभर चिंचोके वर उडवायचे, हाताच्या पंजावर झेलायचे आणि किती झेलले ते मोजायचं. दहा झाले की त्यांची एक ढिगली. दहा ढिगल्या झाल्या की शंभर, आणि शंभर झाले की सोनकीने बकूला उचलून गरगर फिरवायचं! गरगर फिरायला मिळावं म्हणून बकू चार दिवसांत शंभरापर्यंत मोजायला शिकली.

आई टोपली विणायची तेव्हा बकू बांबूच्या पट्ट्यांवरून बोटं फिरवायची. "एक वर, दोन खाली. एक वर, दोन खाली. आई, म्हणजे एका खेपेला तीन पट्ट्या. चार खेपांना बारा!"

आईचे हात थांबले. "हा तर तीनचा पाढा गं, बकू. मी जन्मभर विणतेय, पण मला कधी कळलं नाही की मी पाढे म्हणतेय."

आता अक्षरं राहिली होती. सोनकीने दुसरं फूल हातात घेतलं. हात लावून वाचता येतील अशी सोन्याची अक्षरं मागावीत, असं तिच्या मनात आलं. पण या वेळी तिने आधी घर शोधलं. परातीत नाचणीचं पीठ मळलेलं होतं. तिने पिठाची लांब वळी केली, वळवली, दुमडली आणि तव्यावर टाकली. खरपूस, खमंग 'ब' तयार झाला! बकूने त्याच्या पोटावरून बोट फिरवलं, दांड्यावरून बोट फिरवलं आणि एका घासात निम्मा 'ब' खाऊन टाकला.

"हे माझं अक्षर आहे ना? गोड लागतं."

"त्यात गूळ कुठेय, वेडे?"

"तरी लागतं."

मग रोज एक अक्षर भाजायचं, ओळखायचं आणि खायचं. ओळखता आलं नाही तर ते सोनकीच्या वाट्याला. सुरुवातीला सोनकीचं पोट भरायचं, नंतर नंतर सगळी अक्षरं बकूच खाऊ लागली. 'ज्ञ' मात्र तव्यावर दर वेळी मोडायचा. तो दोघी मिळून खायच्या.

घरातून बाहेर पडल्या की पावलांचा खेळ सुरू व्हायचा. अंगणापासून विहिरीपर्यंत चव्वेचाळीस पावलं. विहिरीपासून फणसापर्यंत सत्तर. फणसापासून मोठ्या कातळापर्यंत एकशे वीस. बकूला नीट समजावं म्हणून सोनकीही डोळे मिटून चालायची आणि बरेचदा फणसावर आपटायची. "ताई, ओढ्याचा आवाज उजव्या कानात येऊ दे, म्हणजे नाही आपटणार," बकू तिला शिकवायची. दुपारी शाळेतून परतणारी मुलं थेट घरी जायची सोडून त्यांच्या अंगणात थांबू लागली. त्यांतल्या येसूला वजाबाकी काही केल्या जमत नव्हती. बकूने तिला चिंचोक्यांनी ती शिकवली.

बघता बघता दसरा उद्यावर आला. आई सणासाठी टोपल्या विकायला खालच्या गावी गेली होती. दुपारी डोंगरावर धुकं उतरलं. पांढरंशुभ्र, दाट, कापसासारखं. अंगणातून विहीर दिसेना, मग अंगणही दिसेना.

आणि त्या धुक्यातून हाक आली, "अगं कुणी आहे का? वाट सापडत नाही गं!"

"आत्या!" सोनकी किंचाळली. आवाज कातळाच्या बाजूने येत होता. कातळाच्या पलीकडे खोल कडा होता. आत्याने चार पावलं चुकीची टाकली तर?

"आत्या, जागची हलू नकोस!" सोनकीने जिवाच्या आकांताने ओरडून सांगितलं आणि दुसरं फूल ओंजळीत धरलं. "निळाई, मला उजेड दे! खूप मोठा उजेड!"

फूल लखलखलं. चांदण्यांचा गोळाच जणू तिच्या हातात उमलला. पण सगळा उजेड धुक्यावर पडला आणि धुकं आणखीच पांढरं झालं, इतकं पांढरं की सोनकीला आपले पायसुद्धा दिसेनात. थोड्या वेळाने उजेड विझला. दुसरं फूल गेलं होतं.

तेवढ्यात तिच्या हातात एक छोटासा हात आला.

"ताई, धुकं म्हणजे काय असतं?"

"काहीच दिसत नाही गं, बकू. सगळं एकसारखं."

"मग मी जाते ना पुढे," बकू शांतपणे म्हणाली. "मला कुठे बघायचंय?"

सोनकी घाबरली, पण तिने बकूचा हात घट्ट धरला आणि तिच्या मागून निघाली. बकू मोजत होती. चव्वेचाळीस. तिने विहिरीच्या गार दगडाला हात लावला. सत्तर. फणसाच्या खरबरीत खोडाला हात लावला. "आता ओढा उजव्या कानाला," ती पुटपुटली आणि पुन्हा मोजू लागली. एकशे दहा झाल्यावर तिने हाक दिली, "आत्या, बोलत राहा!"

"मी इथे आहे गं बाळा, इथे!" आत्या कातळाला बिलगून बसली होती. तिचा आवाज रडवा झाला होता. तिच्यापासून पाच पावलांवर कडा होता.

बकूचा हात हातात येताच आत्याने तो दोन्ही हातांनी धरला. मग तिघी तशाच परत फिरल्या. पुढे बकू, मध्ये आत्या, मागे सोनकी. एकशे वीस, सत्तर, चव्वेचाळीस. "पोचलो," बकू म्हणाली, "आता उंबरठा आहे, पाय उचल." आत्याने पाय उचलला, आत आली आणि मटकन खाली बसली.

मग तिने विचारलं, "हे सगळं हिला कुणी शिकवलं?"

"आम्ही खेळलो," बकू म्हणाली. "आत्या, तुला 'त' खायचाय? तुझं अक्षर आहे."

आत्याने तो 'त' हातात घेतला. खाताना तिच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळत होतं. दिवेलागणीला धुकं विरल्यावर आई धावतपळत घरी आली, तेव्हा आत्या बकूला मांडीवर घेऊन बसली होती.

"वहिनी, मी हिला नेणार नाही," आत्या म्हणाली. "माझं तिथे तरी कोण आहे? तू ठेवून घेत असशील तर मीच राहते इथे."

आईने आत्याच्या पायांवर कढत पाणी घातलं आणि चुलीवर भात वाढवला. त्या दिवशी आईला भूक लागली. सगळ्याच पोटभर जेवल्या.

दसऱ्यानंतर कुंदाबाई डोंगर चढून वर आल्या. येसूने त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी अंगणात बसून बकूला गणितं घातली, कोडी घातली, आणि बकूने त्यांनाच दोन कोडी घातली. बाई एका कोड्यात हरल्या. मग त्यांनी सोनकीला जवळ बोलावलं. "बकूला शिकवण्यासाठी तू रोज शाळेत आली नाहीस तरी चालेल, पण घरीच अभ्यास कर आणि परीक्षेला ये. मी दर गुरुवारी वर येत जाईन."

"पण बाई, बकूला पुस्तक कसं वाचता येईल?"

"शहरातल्या त्या शाळेत उठावाच्या ठिपक्यांची पुस्तकं असतात," आत्या म्हणाली. "मुलं ती बोटांनी वाचतात. मी पाहिली आहेत."

"ते ठिपके मलाही येत नाहीत," कुंदाबाई हसून म्हणाल्या. "पण पुस्तकं मिळाली तर मीही शिकेन, बकूबरोबर."

सोनकीला आपलं तिसरं फूल आठवलं. ती बकूचा हात धरून रानात धावली. कारवी गळत होती. जमिनीवर जांभळा गालिचा पसरला होता आणि फांद्यांवर मोजकीच फुलं उरली होती. त्यांतल्या एका फुलावर निळाई पाय हलवत बसली होती.

"आलीस? घर नीट शोधलंस ना?"

"शोधलं. मडकी, माळा, फडताळ, सगळं शोधलं. आणि घरात खूप काही सापडलं," सोनकी म्हणाली. "पण बोटांनी वाचायची पुस्तकं नाहीत. ती बकूला दे."

"शेवटचं फूल आहे हे. स्वतःसाठी काहीच नको?"

सोनकीने मान हलवली. ओंजळीतलं फूल उमललं, उमलतच गेलं, आणि प्रत्येक पाकळीचं एकेक जाड, पांढरंशुभ्र पुस्तक झालं. बकूने पहिलं पान उघडलं. तिची बोटं ठिपक्यांवरून धावली, थांबली, पुन्हा धावली. तिचा चेहरा दिव्यासारखा उजळला. "ताई, यात दाणेच दाणे आहेत! हे सगळे शब्द आहेत?"

निळाई उडून सोनकीच्या खांद्यावर बसली. "तू स्वतःसाठी काही मागितलं नाहीस. म्हणून आता मी देणार आहे, न मागता. चला, मला तुमच्या घरी न्या."

घरी पोचल्यावर निळाईने कुडाच्या भिंतीला हलकेच हात लावला. सारवलेल्या मातीतून हिरवे कोंब फुटले. कोंबांना कळ्या आल्या आणि कळ्यांची फुलं झाली. सगळं चिमुकलं घर जांभळ्या, निळ्या, टपोऱ्या फुलांनी लगडलं. आई आणि आत्या बाहेर येऊन तोंडात बोट घालून बघत राहिल्या. रानातल्या मधमाश्यांचा थवा गुणगुणत आला आणि वळचणीला त्यांनी पोळं धरलं.

"रानातली कारवी सात वर्षांनी फुलेल," निळाई म्हणाली, "ही मात्र दरवर्षी फुलेल. मध विका. अर्धा मधमाश्यांना ठेवा. आता आईला टोपल्या घेऊन दारोदार फिरावं लागणार नाही."

सोनकीने हात जोडले. निळाईने तिच्या कपाळावर इवलंसं चुंबन दिलं, बकूच्या गालावर दिलं आणि ती उंच उडाली. तिच्या पंखांतून प्रकाश झरू लागला. आधी सोनेरी, मग गुलाबी, मग जांभळा. सगळं अंगण त्या प्रकाशात न्हालं, आणि त्या प्रकाशातच परी विरघळून गेली.

बकूने चेहरा वर करून धरला होता. गालांवर प्रकाशाची ऊब होती.

"गेली का गं, ताई?"

"गेली."

"तिचे कपडे कोणत्या रंगाचे होते?"

"जांभळ्या." सोनकी थांबली. जांभळा रंग बकूला कसा सांगायचा? चिंचोक्यांत, पिठात, घरात कुठेच तिला तो सापडेना. "थांब हं बकू, मी शोधते काहीतरी. उद्या सांगते."

"नको शोधूस," बकू म्हणाली. तिने भिंतीवरच्या फुलांना गाल लावला आणि मधमाश्यांची गुणगुण ऐकत राहिली. मग हळूच हसली.

"मला कळला. असा असतो ना जांभळा?"

सोनकीने डोळे मिटले आणि कान दिले. ती बराच वेळ ऐकत राहिली.

"हो गं बकू," ती म्हणाली. "अगदी अस्साच असतो."